शरीरशुद्धीच्या पर्यायी उपचारपद्धती : संकल्पना, पुरावा आणि नियमन

‘शरीरात साचलेली विषद्रव्ये बाहेर काढा’ अशा आशयाच्या जाहिराती आज वृत्तपत्रांपासून भ्रमणध्वनीच्या पडद्यापर्यंत सर्वत्र आढळतात. काढे, फळांच्या रसावरील उपवास, तळपायाला लावायच्या पट्ट्या, आतड्यांची धुलाई आणि सुटीत आटोपणारे पंचकर्म अशा अत्यंत भिन्न गोष्टी ‘डिटॉक्स’ या एकाच नावाखाली ग्राहकापुढे ठेवल्या जातात. यांपैकी काहींच्या मागे शतकानुशतकांची वैद्यक परंपरा आहे, तर काही केवळ बाजारपेठेने घडविलेल्या आहेत. या दोहोंत भेद न केल्यामुळे एकीकडे परंपरेची अवहेलना होते, तर दुसरीकडे रुग्णाच्या जिवाला धोका निर्माण होतो. म्हणूनच शरीरशुद्धीची मूळ संकल्पना कोणती, तिला पुरावा किती आणि तिच्या व्यवहारावर शासनाचे नियंत्रण कसे आहे, या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करणे आवश्यक आहे.

शरीराची अंगभूत व्यवस्था

विषद्रव्यांचा निचरा ही शरीरात अखंड चालणारी प्रक्रिया आहे. प्रौढ व्यक्तीचे यकृत साधारणतः दीड किलो वजनाचे असते. औषधे, मद्य आणि चयापचयातून निर्माण होणारे अपायकारक पदार्थ यांवर यकृतात प्रामुख्याने दोन टप्प्यांत प्रक्रिया होते. पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम पी-४५० या विकरांचा समूह त्या पदार्थाची रासायनिक रचना बदलतो. दुसऱ्या टप्प्यात त्याला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट यांसारखा घटक जोडला जातो, त्यामुळे तो पाण्यात विरघळतो आणि मूत्र किंवा पित्तावाटे बाहेर पडतो. प्रथिनांच्या विघटनातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे युरियात रूपांतर करण्याचे कामही यकृतच करते.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक सर्व द्रव पुन्हा शोषला जातो आणि एक ते दोन लिटर मूत्र तयार होते. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. घामाचे मुख्य कार्य मात्र तापमानाचे नियमन हे आहे. त्यात पाणी व मीठ यांचेच प्राधान्य असते. यकृत आणि मूत्रपिंडे निरोगी असतील, तर शरीरात विषांचा अनामिक साठा होत राहतो, या समजुतीला शरीरक्रियाशास्त्रात आधार नाही.

याचा अर्थ बाहेरून आलेली विषे शरीरात साठतच नाहीत, असा नव्हे. शिसे हाडांमध्ये वर्षानुवर्षे राहते, तर काही कीटकनाशके मेदामध्ये साचतात. अशा विषबाधेवर आधुनिक वैद्यकात उपचार आहेत. शिशाच्या विषबाधेत धातूला बांधून मूत्रावाटे बाहेर नेणारी चिलेशन औषधे, सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲट्रोपिन, पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेत एन-ॲसिटिलसिस्टीन आणि मूत्रपिंडे निकामी झाल्यास डायलिसिस, ही त्याची उदाहरणे होत. या प्रत्येक उपचारात शरीराबाहेर काढावयाच्या पदार्थाचे नाव ठाऊक असते, त्याचे प्रमाण किंवा परिणाम तपासता येतो आणि उपचाराचा उपयोग झाला की नाही, हे पडताळता येते. विषहरणाच्या कोणत्याही दाव्याचे मूल्यमापन करण्यासाठी ही कसोटी उपयुक्त ठरते.

आयुर्वेदातील शोधन

आयुर्वेदाने चिकित्सेचे शमन व शोधन असे दोन प्रकार मानले आहेत. वाढलेले दोष शरीरातच शांत करणे म्हणजे शमन आणि ते जवळच्या मार्गाने बाहेर काढणे म्हणजे शोधन. चरकसंहितेच्या परंपरेनुसार वमन, विरेचन, निरूह बस्ती, अनुवासन बस्ती आणि नस्य ही पाच कर्मे होत. वाग्भटाने सांगितलेल्या पाच शोधनांत रक्तमोक्षणाचा समावेश आहे. आयुर्वेदातील ‘दोष’ आणि ‘आम’ या संकल्पना त्या शास्त्राच्या स्वतंत्र सिद्धान्तातून आलेल्या आहेत. ‘आम’ म्हणजे अग्नी मंद असल्यामुळे नीट न पचलेला अन्नरस. त्याचे भाषांतर थेट ‘विषद्रव्य’ असे करून त्याला प्रयोगशाळेतील शिसे किंवा कीटकनाशक यांच्या पंक्तीला बसविणे दोन्ही शास्त्रांच्या दृष्टीने सदोष आहे.

पंचकर्म म्हणजे केवळ तेलाचे मर्दन नव्हे. त्याचे पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन भाग आहेत. पूर्वकर्मात पाचन, स्नेहन आणि स्वेदन येते. मर्दन हा त्यातील एक अंशमात्र होय. प्रधानकर्मात वमनासाठी मदनफळ (गेळफळ), विरेचनासाठी त्रिवृत (निशोत्तर) यांसारखी द्रव्ये योजली जातात. पश्चात्कर्मात संसर्जनक्रम पाळावयाचा असतो. पेया, विलेपी, यूष अशा क्रमाने रुग्णाला हलक्या आहाराकडून नेहमीच्या आहाराकडे आणले जाते. शुद्धी प्रवर, मध्यम किंवा अवर यांपैकी ज्या प्रकारची असेल, त्यानुसार हा क्रम अनुक्रमे सात, पाच किंवा तीन दिवसांचा असतो. ऋतूंचाही विचार केला जातो : वसंतात वमन, शरदात विरेचन आणि वर्षा ऋतूत बस्ती प्रशस्त मानली आहे.

विशेष म्हणजे, ही कर्मे सर्वांसाठी आहेत, असे प्राचीन ग्रंथकार म्हणत नाहीत. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात प्रत्येक कर्मासाठी योग्य आणि अयोग्य रुग्ण कोण, याची सविस्तर गणना आहे. गर्भिणी, दुर्बल, बालक व वृद्ध यांना अनेक कर्मे वर्ज्य सांगितली आहेत. याच स्थानात वमन-विरेचनाच्या दहा व्यापदांचे, म्हणजे उपद्रवांचे, आणि त्यांवरील उपायांचे वर्णन आहे. गुदमार्गात कापल्यासारखी वेदना होणे आणि रक्तस्राव होणे यांचाही त्यांत समावेश आहे. जो उपचार ग्रंथकारांनी इतक्या सावधपणे सांगितला, तोच आज वैद्याच्या तपासणीविना, निरोगी माणसाला, ‘पॅकेज’ म्हणून दिला जात असेल, तर तो विज्ञानाइतकाच परंपरेशीही विसंगत आहे.

युनानी, योग आणि निसर्गोपचार

युनानी वैद्यकात रक्त, कफ, पीतपित्त आणि कृष्णपित्त अशा चार द्रवांची कल्पना आहे. दूषित द्रव बाहेर काढण्याच्या क्रियेस ‘तनक़िया’ म्हणतात. त्यासाठी प्रथम ‘मुंज़िज’ औषधांनी दूषित द्रव पक्व करणे आणि नंतर ‘मुस्हिल’ म्हणजे रेचक औषधांनी त्याचे निःसारण करणे, अशी पद्धत आहे. हिजामा, फ़स्द आणि जळवा लावणे हे उपचारही याच विचारातून आले आहेत. हठयोगात धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती ही षट्कर्मे शुद्धिक्रिया म्हणून सांगितली आहेत.

निसर्गोपचाराचे आधुनिक रूप मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत घडले. लुई कुन्हे आणि ॲडॉल्फ जुस्ट यांच्या लेखनाचा महात्मा गांधींवर प्रभाव पडला. मातीचे लेप, कटिस्नान, उपवास आणि साधा आहार यांचे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले. १९४२ मध्ये पुण्यातील आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना त्यांनी आरोग्यविषयक पुस्तक लिहिले. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांचा मुक्काम असे. त्याच वास्तूत, ‘बापू भवन’ येथे, १९८६ मध्ये राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेची स्थापना झाली. पुण्याजवळील उरुळी कांचन येथे १९४६ मध्ये सुरू झालेला निसर्गोपचार आश्रम मणिभाई देसाई यांनी पुढे नावारूपास आणला. गांधीजींच्या दृष्टीने निसर्गोपचार हा गरिबाला परवडणारा, संयमावर आधारलेला जीवनक्रम होता. महागड्या पेयांच्या बाटल्या आणि आलिशान निवास यांच्याशी त्याचा संबंध जोडणे कठीण आहे.

पुरावा काय सांगतो?

बाजारातील ‘डिटॉक्स’ आहारयोजनांविषयीचा पुरावा फारच दुबळा आहे. या विषयावरील उपलब्ध संशोधनाचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक चिकित्सक आढावा महत्त्वाचा आहे. व्यापारी डिटॉक्स आहारांची परिणामकारकता तपासणारी एकही यादृच्छिक नियंत्रित चाचणी झालेली नसल्याचे त्यात नमूद केले होते. अशा आहारात उष्मांक कमी असल्याने वजन घटते. परंतु त्यातील बराचसा भाग पाण्याचा असतो आणि नेहमीचा आहार सुरू होताच वजन पूर्ववत होण्याची शक्यता असते. रात्रीतून तळपायावाटे विषे शोषून घेण्याचा दावा करणाऱ्या पट्ट्यांच्या एका विक्रेत्याविरुद्ध अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००९ मध्ये फसव्या जाहिरातीबद्दल कारवाई केली होती.

उपवासाच्या समर्थनार्थ अनेकदा ‘ऑटोफॅजी’चा उल्लेख केला जातो. पेशी स्वतःचे जीर्ण घटक मोडून त्यांचा पुनर्वापर करतात, या प्रक्रियेवरील संशोधनासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे मूलभूत प्रयोग यीस्टवर झाले होते. त्यावरून एखादा विशिष्ट रस किंवा उपवास माणसाच्या शरीरातील विषे बाहेर काढतो, असा निष्कर्ष निघत नाही.

पंचकर्मासंबंधी चित्र थोडे वेगळे आहे. स्नेहनानंतर विरेचन केल्यास मेदात साठलेली काही कीटकनाशके व औद्योगिक रसायने रक्तात कमी आढळतात, असे २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदविले होते. मात्र त्यातील सहभागींची संख्या अल्प होती. असे निष्कर्ष अधिक मोठ्या, नियंत्रित अभ्यासांनी तपासल्याशिवाय धोरणाचा आधार बनू शकत नाहीत. केरळमधील चेरुथुरुथी येथे पंचकर्मासाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेची स्वतंत्र संशोधन संस्था आहे. जामनगर येथे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पारंपरिक वैद्यकविषयक जागतिक केंद्राची पायाभरणी झाली. संस्थात्मक पाया उपलब्ध आहे. गरज आहे ती या पायावर कठोर संशोधन उभारण्याची.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

घरगुती उपायही घातक ठरू शकतात, याचे बोलके उदाहरण म्हणजे दुधीचा रस. कडू दुधीत क्युकर्बिटॅसिन नावाची विषारी संयुगे असतात. असा रस प्यायल्याने उलट्या, रक्तस्राव आणि रक्तदाब कमी होण्याचे, क्वचित मृत्यूचेही प्रकार घडल्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखून पाहावा, तो कडू लागल्यास दुधी टाकून द्यावा आणि रस प्यायल्यावर त्रास झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे, असा सल्ला समितीने दिला. या विषावर कोणताही विशिष्ट उतारा नाही.

दुसरा प्रश्न जड धातूंचा आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. त्यानंतर भारत सरकारने निर्यात होणाऱ्या वनस्पतिजन्य आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठी २००६ पासून जड धातूंची चाचणी बंधनकारक केली. वनस्पतिजन्य औषधांसाठी शिशाची १०, आर्सेनिकची ३, पाऱ्याची १ आणि कॅडमियमची ०.३ दशलक्षांश भाग अशी कमाल मर्यादा आहे. विष काढण्यासाठी घेतलेल्या औषधातूनच विष शरीरात जाणे, याहून मोठा विरोधाभास तो कोणता?

वनस्पतीची अचूक ओळख हा तिसरा मुद्दा होय. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांना झालेल्या यकृताच्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. त्या रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीचे विश्लेषण झालेले नव्हते आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी प्रजाती वापरली गेली असण्याची शक्यता होती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. या वादातून धडा मात्र एकच मिळतो : ओळख न पटलेली वनस्पती स्वतःच्या मनाने दीर्घकाळ घेणे धोक्याचे आहे.

सर्वांत गंभीर धोका आधीच आजारी असलेल्यांना आहे. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असताना कडक उपवास केल्यास साखर एकाएकी घसरून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यास पोटॅशियमयुक्त फळांचे रस हृदयाच्या लयीत बिघाड घडवू शकतात. वारंवार रेचके किंवा एनिमा घेतल्याने शरीरातील पाणी व क्षार यांचा समतोल ढळतो. ‘शुद्धी’च्या काळात नेहमीची औषधे बंद करण्याचा सल्ला दिला गेल्यास हानी अधिक होते.

कायदा आणि नियमन

संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्यसूचीत आहेत, तर औषधे व विषे आणि वैद्यकीय व्यवसाय हे विषय समवर्ती सूचीत येतात. परिणामी कायदा केंद्राचा आणि अंमलबजावणी मुख्यतः राज्यांची, अशी व्यवस्था आहे. केंद्रात भारतीय चिकित्सा पद्धती व होमिओपॅथीसाठी १९९५ मध्ये स्वतंत्र विभाग निर्माण झाला. २००३ मध्ये त्याला ‘आयुष’ हे नाव मिळाले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याचे मंत्रालयात रूपांतर झाले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आयुष सेवा मुख्य प्रवाहात आणण्याचे धोरण स्वीकारले.

औषधांच्या बाबतीत औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील प्रकरण चार-अ आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांना लागू आहे. उत्पादनाच्या उत्तम पद्धती अनुसूची ‘टी’मध्ये दिल्या आहेत. बचनाग, कुचला यांसारखी विषारी द्रव्ये अनुसूची ‘ई-१’मध्ये नमूद असून, ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. चिकित्सकांचे शिक्षण व नोंदणी यांचे नियमन भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग अधिनियम, २०२० अन्वये होते. यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा यांचा समावेश आहे, निसर्गोपचाराचा नाही.

जाहिरातींसाठी औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ महत्त्वाचा आहे. त्याच्या अनुसूचीतील ५४ आजार व अवस्थांवर उपचार केल्याचा दावा जाहिरातीत करण्यास मनाई असून त्यांत मधुमेह, कर्करोग आणि स्थूलता यांचाही अंतर्भाव आहे. आयुष औषधांच्या जाहिरातींना पूर्वमान्यता आवश्यक करणारा नियम १७० हा २०१८ मध्ये समाविष्ट झाला. २०२४ मध्ये तो वगळण्याची अधिसूचना निघाली. सर्वोच्च न्यायालयाने तिला त्याच वर्षी स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली काढताना ती स्थगिती उठविली. याखेरीज ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध कारवाई करू शकते. खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांवर भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे नियंत्रण आहे.

तरीही काही पोकळी शिल्लक राहते. एकच चूर्ण औषध म्हणून विकल्यास एक कायदा आणि पूरक आहार म्हणून विकल्यास दुसरा लागू होतो. विश्रामधामात दिले जाणारे ‘पंचकर्म’ उपचार आहे की पर्यटनसेवा, यावरून जबाबदारी कोणाची, हे ठरते. केरळने २००७ मध्ये आयुर्वेद आरोग्यकेंद्रांना परवाना बंधनकारक करणारा कायदा करून या दिशेने पाऊल टाकले. दुष्परिणामांच्या नोंदीसाठी आयुष औषधांचा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम आहे. परंतु रुग्णाने आणि चिकित्सकाने नोंद केली, तरच अशी व्यवस्था उपयोगी पडते.

खरे विषहरण कोठे?

विकासाच्या दृष्टीने पाहता विषहरणाचा सर्वांत मोठा प्रश्न व्यक्तीच्या शरीराबाहेर आहे. २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोलचा अवलंब झाला. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० दशलक्षांश भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये करण्यात आले. केरळमधील कासारगोड जिल्ह्याने एंडोसल्फानचे परिणाम भोगले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या उत्पादन व विक्रीवर देशभर बंदी घातली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यांना गरज होती ती संरक्षक साधनांची, योग्य मार्गदर्शनाची आणि जवळच्या रुग्णालयात वेळेवर मिळणाऱ्या उपचाराची. पश्चिम बंगाल व बिहारमधील आर्सेनिकयुक्त भूजल पिणाऱ्या कुटुंबालाही शुद्ध पाण्याचा पर्यायी स्रोत हाच खरा उपाय आहे.

संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. विष शरीरात शिरल्यावर ते काढण्यापेक्षा ते शिरू न देणे अधिक परिणामकारक व कमी खर्चाचे असते. व्यक्तिगत शुद्धीचा बाजार वाढत असताना या सार्वजनिक कर्तव्याकडे दुर्लक्ष होणार नाही, याची दक्षता घ्यावयास हवी.

समारोप

पर्यायी चिकित्सापद्धतींतील शरीरशुद्धीचा सरसकट स्वीकार किंवा सरसकट धिक्कार, या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. शोधनचिकित्सा ही निवडक रुग्णासाठी, प्रशिक्षित व नोंदणीकृत चिकित्सकाने, पूर्वतपासणी करून द्यावयाची चिकित्सा आहे. कोणत्याही दाव्यापुढे नागरिकाने पाच प्रश्न ठेवावेत : नेमका कोणता पदार्थ शरीराबाहेर काढला जाणार आहे? तो शरीरात आहे, हे कोणत्या तपासणीने ठरले? तो गेला, हे कसे कळणार? उपचाराचे धोके कोणते आहेत? आणि काही बिघडल्यास जबाबदार कोण? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारी पद्धती, मग ती प्राचीन असो वा आधुनिक, आरोग्यव्यवस्थेत सन्मानाने स्थान मिळवू शकेल. जी ती उत्तरे देऊ शकत नाही, तिच्यापासून नागरिकांचे रक्षण करणे हे शासनाचे आणि सुजाण समाजाचे काम आहे.